जुन्या गाडीचं मीटर बिघडलंय? आधी पेचकस खाली ठेवा

आमची मारुती ८०० १९९७ची आहे. बाबांनी नवी घेतलेली, नंबर एमपी ०९ चा, आणि अजूनही इंदूरच्या लोकमान्य नगरात आमच्या फाटकासमोर उभी असते. काही वर्षांपूर्वी एका संध्याकाळी आत्याला स्टेशनवर सोडायला निघालो आणि महू नाक्याच्या चौकात गाडी आचके देत बंद पडली. पेट्रोलचा काटा बरोबर अर्ध्यावर. प्लग पाहिले, वायरी हलवून पाहिल्या. शेवटी टाकीचं झाकण उघडून गाडी हलवली, तर आत काहीच डुचमळेना. टाकी ठणठणीत कोरडी. आत्या ऑटोने गेली, आणि घरात आजही कुठे निघायचं म्हटलं की "काटा बघू नकोस, टाकी बघ" हे ऐकावं लागतं.

दुसऱ्या दिवशी मी मोठ्या हौसेने मीटर उपसलं. मागचा कनेक्टर ओढताना त्याच्याजवळची पातळ फिल्म टरकन फाटली. मग तापमानाचा काटाही मेला. पेट्रोलचा काटा मात्र अर्ध्यावरून हलला नाही तो नाहीच, कारण खराबी मीटरमध्ये नव्हतीच, टाकीतला फ्लोट अडकला होता. जखम मांडीला आणि मलम शेंडीला. गल्लीच्या टोकाला बसणारे वायरिंगवाले उस्ताद एवढंच म्हणाले, "भिया, पहले टंकी देखते. मीटर तो आखिर में खोलते."

पुढचं सगळं याच क्रमाने लिहिलंय. मॅन्युअलमध्ये ज्याला इन्स्ट्रुमेंट क्लस्टर म्हणतात त्याला आपण सगळे मीटरच म्हणतो, म्हणून मीही तेच म्हणणार. आणि हो, आम्ही इंदूरकर स्क्रू-ड्रायव्हरला पेचकस म्हणतो, पुण्याच्या वाचकांनी तेवढं चालवून घ्यावं.

बसल्या जागी तपासणी

किल्ली फक्त ऑन करा, इंजिन चालू करू नका. बॅटरीचा लाल दिवा, ऑइलचा दिवा, हँडब्रेक ओढलेला असेल तर ब्रेकचा दिवा, हे पेटलेच पाहिजेत. काटे हळूहळू वर चढतात की झटक्यात, तेही बघून ठेवा. जुन्या गाड्यांतले बरेच गेज आतल्या तापणाऱ्या पट्टीवर चालतात, त्यांचा काटा आळोखेपिळोखे देत काही सेकंदांनी जागेवर येतो. चुंबकी गेजचा काटा पटकन उडतो. पुढच्या तपासणीत हा फरक कामाचा आहे.

मग कागदावर लिहा की काय-काय बंद आहे. हा कागद म्हणजे अर्धं निदान.

सगळंच मेलेलं असेल तर फ्यूज. मीटरचा फ्यूज बऱ्याच गाड्यांत इंडिकेटर किंवा रिव्हर्सच्या दिव्याबरोबर वाटून घेतलेला असतो, म्हणजे त्याच वेळी इंडिकेटरही बंद पडला असेल तर गोष्ट तिथेच संपली. फ्यूज डोळ्यांनी बघून पास करू नका, आतली तार केसाएवढी तडकलेली दिसत नाही. मल्टिमीटरने (व्होल्ट आणि ओहम मोजणाऱ्या छोट्या यंत्राने) तपासा.

पेट्रोल आणि तापमान दोन्ही काटे एकदम बिघडले असतील तर दोन सेन्सर एकाच दिवशी मरतात असं सहसा होत नाही. दोघांना मिळून जे लागतं त्यात खोट असते: फ्यूज, अर्थिंग (वायरीचा गाडीच्या बॉडीशी जोड), किंवा तापणाऱ्या पट्टीच्या गेजना कमी व्होल्टेज पुरवणारा छोटा रेग्युलेटर. जपानी वळणाच्या बऱ्याच जुन्या मीटरमध्ये तो साधारण ७ व्होल्ट देतो. तो अडकून पूर्ण १२ व्होल्ट पुढे सोडायला लागला की दोन्ही काटे उंच पळतात. तेव्हा टाकी भरलेली आणि इंजिन उकळतंय असं दिसतं, प्रत्यक्षात दोन्ही खोटं.

हेडलाइट लावला किंवा इंडिकेटर दिला की काटे नाचतात? अर्थिंग. यावर मी पैज लावायला तयार आहे. मल्टिमीटर २० व्होल्ट डीसीवर ठेवा, काळी दांडी थेट बॅटरीच्या निगेटिव्हवर, लाल दांडी मीटरच्या अर्थच्या वायरीवर, आणि हेडलाइट चालू करा. ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर ती वायर बॉडीला जिथे बोल्टने कसलेली असते तिथला गंज पॉलिश पेपरने खरवडा, बोल्ट पुन्हा कसा, वर थोडी व्हॅसलीन लावा. काम झालं, मीटरला हात न लावता. मीटर "उडालं" म्हणून बदलून बसलेल्या गाड्यांत नंतर हाच बोल्ट सैल सापडल्याचं मी एकाहून जास्त वेळा पाहिलंय.

पेट्रोलचा काटा

हा भाग मी जरा सावकाश लिहितो, कारण इथे पेट्रोल आहे. काम उघड्यावर करा, टाकीत पेट्रोल कमी असताना करा, आसपास विडी-सिगारेट नको, उजेडासाठी वायरवरचा जुना बल्ब तर अजिबात नको.

टाकीच्या आत एक फ्लोट तरंगतो, त्याची दांडी एका रोधावर सरकते. सुझुकी घराण्यातल्या जुन्या गाड्यांत टाकी भरलेली असताना हा रोध दोन-पाच ओहम आणि रिकामी असताना शंभराच्या वर असतो. काही गाड्यांत उलटं असतं, म्हणून आपल्या गाडीचं आधी विचारून घ्या. फ्लोटचा कनेक्टर कुठे मागच्या सीटखालच्या झाकणाखाली सापडतो, कुठे त्यासाठी टाकीच खाली घ्यावी लागते.

कनेक्टर काढा, किल्ली ऑन करा. काटा रिकाम्यावर जायला हवा. आता गेजची वायर १२ व्होल्ट ३.४ वॉटच्या छोट्या बल्बमधून अर्थला टेकवा, काटा भरल्याच्या बाजूला चढायला हवा. दोन्ही झालं तर गेज आणि वायरिंग निर्दोष, टाकीकडे वळा. मधला बल्ब वगळू नका. तापणाऱ्या पट्टीच्या गेजला वायर थेट अर्थला दाबून धरली तर गेजच जळू शकतं, बल्ब त्याला वाचवतो. आणि एमपीएफआय (कार्ब्युरेटरऐवजी इंजेक्टरने पेट्रोल फवारणारी) गाडी असेल तर त्याच कनेक्टरमध्ये पंपाची वायरही असते. ती चुकून अर्थला लागली तर फ्यूज जाईल आणि शेजारी पेट्रोल आहे. कोणती वायर कुठली हे नक्की माहीत नसेल तर हे काम उस्तादांकडेच.

फ्लोट बाहेर काढला की मल्टिमीटर ओहमवर ठेवून दांडी हळूहळू खालून वर न्या. आकडा सलग बदलला पाहिजे. मध्येच "ओपन" दाखवलं तर रोधाच्या तारेवर राळ बसलीय किंवा ती झिजलीय. राळ असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर आणि मऊ ब्रशने निघते, झिजली असेल तर युनिट बदला. फ्लोट कानाशी नेऊन हलवा, आत पेट्रोल खळखळलं तर तो बुडका झालाय आणि काटा कायम रिकामाच दाखवणार. आमच्या गाडीत दांडी वाकून टाकीच्या भिंतीला घासत होती. पक्कडने दोन मिलिमीटर सरळ केली, बस. दोन मिलिमीटरसाठी मी मीटर फाडलं होतं.

तापमानाच्या काट्याची तपासणी याच धर्तीवर, इंजिनवरच्या सेन्सरची वायर काढून. तो सेन्सर गरम होईल तसा त्याचा रोध कमी होतो. ऑइलच्या दिव्याबाबत मात्र प्रयोग नकोत. इंजिन चालू झाल्यावर तो काही सेकंदांत विझला नाही तर आधी ऑइलची पातळी, मग प्रेशर तपासून घ्या. "मीटरचीच काहीतरी भानगड असेल" म्हणत गाडी चालवत राहणाऱ्यांची इंजिनं बांधायला येतात.

स्पीडोमीटर

केबलवाल्या मीटरची रचना मला फार आवडते. गिअरबॉक्सवरून आलेली केबल मीटरमधलं चुंबक फिरवते, त्याच्याभोवती अॅल्युमिनियमची वाटी असते. दोघांचा स्पर्श नाही. फिरत्या चुंबकामुळे वाटीत भोवरी प्रवाह तयार होतात, ते वाटीला ओढतात, केसासारखी स्प्रिंग मागे खेचते, आणि या रस्सीखेचीत काटा जिथे थांबतो तो तुमचा वेग. ना इलेक्ट्रॉनिक्स, ना बॅटरी. किलोमीटरचे आकडे मात्र दात्यांच्या चक्रांवर चालतात.

त्यामुळे निदान सोपं. काटा आणि आकडे दोन्ही थांबले असतील तर केबल किंवा गिअरबॉक्सकडचं छोटं चाक. काटा चालतोय पण आकडे थांबलेत तर मीटरमधलं प्लास्टिकचं चक्र तडकलंय. काटा वीस ते चाळीसमध्ये थरथरतोय आणि डॅशबोर्डमधून किरकिर येतेय तर केबल कोरडी आहे किंवा कुठेतरी आवळून वळलीय.

केबल तपासायला जॅक लागत नाही. मीटरकडचं टोक सोडवा, गाडी न्यूट्रलमध्ये टाका आणि कुणाला तरी गाडी गल्लीत चार पावलं ढकलायला सांगा. तुम्ही आत बसून केबलच्या मधल्या तारेकडे बघा. फिरली तर केबल चांगली. नाही फिरली तर गिअरबॉक्सकडून सोडवून आतली तार बाहेर ओढा, बहुतेक वेळा ती दोन तुकड्यांत येते. नवी घालताना पातळ ग्रीस बोटाने पुसून लावा, पण मीटरकडची शेवटची वीतभर तार कोरडी ठेवा. ग्रीस वर चढून चुंबक-वाटीत गेलं की काटा चिकटायला लागतो. आणि नवी केबल बसवण्यापूर्वी जुन्या तारेचा तुकडा मीटरच्या भोकात घालून बोटांनी फिरवा. जड लागलं तर मीटरच जाम आहे, आणि जुनी केबल त्यानेच तोडलीय. नवीही तोच तोडणार.

ज्या गाड्यांत केबल नाही, गिअरबॉक्सवरचा सेन्सर विजेचे ठोके पाठवतो, तिथे आधी त्या सेन्सरचा कनेक्टर बघा. तो गाडीच्या पोटाशी असतो, पावसाळ्यात आपल्या रस्त्यांवर त्याची काय दशा होते ते सांगायला नको. एक बोलकी खूण आहे. सेन्सर मेला तर बऱ्याच गाड्यांत चेक इंजिनचा दिवाही लागतो.

आता मीटर उतरवा

एवढं सगळं बाहेर निर्दोष निघालं तरच.

आधी गाडीचा फोटो काढा, किलोमीटरच्या आकड्यासकट. बॅटरीची निगेटिव्ह केबल दहा नंबरच्या पान्याने सोडवा. स्टीअरिंगमध्ये एअरबॅग असेल तर मॅन्युअलमध्ये दिलेला वेळ थांबा आणि पिवळ्या कनेक्टरांना हात लावू नका. स्टीअरिंग खाली होत असेल तर पूर्ण खाली घ्या आणि त्याच्या खांबावर जुना टॉवेल पसरा, नाहीतर मीटरच्या काचेवर ओरखडा ठरलेला. मे महिन्यात भर दुपारी उन्हात उभ्या गाडीत हे काम करू नका. तसंही वर्षानुवर्षांच्या उन्हाने ठिसूळ झालेल्या क्लिपा नुसत्या बोटाने मोडतात. मी रात्री जेवून करतो. माळव्याची रात्र उगाच नावाजलेली नाही, आणि मीटरचे दिवे तपासायला अंधारही लागतो.

स्क्रूंसाठी आईचं इडलीपात्र. हसू नका. एका खळग्यात वरच्या झाकणाचे स्क्रू, दुसऱ्यात मीटरचे, तिसऱ्यात मागच्या कव्हरचे, काढले त्याच क्रमाने. लांब स्क्रू चुकीच्या भोकात गेला तर डायलच्या आरपार येतो. (इडलीपात्र परत ठेवताना घासून ठेवा. मी एकदा विसरलो होतो.)

झाकणाचे स्क्रू बहुधा मीटरच्या वरच्या कडेखाली, डोकं वाकवून बघितल्यावर दिसतात. मग मीटरचे तीन-चार. मीटर स्वतःकडे थोडं झुकवा, मागे हात घाला. केबलच्या टोकाला एक कान असतो, तो दाबला की केबल सुटते. कनेक्टरची कुंडी दाबा आणि कनेक्टरच्या प्लास्टिकला धरून ओढा, वायरींना धरून नाही. येत नसेल तर जोर लावू नका. कुंडी पूर्ण दबलेली नाही एवढाच त्याचा अर्थ. माझी फिल्म इथेच फाटली.

मागच्या बाजूला काय बघायचं

जुन्या मीटरच्या पाठीवर तांब्याच्या रेघा असलेली लवचीक प्लास्टिक फिल्म असते, तिच्यावर पाव वळसा देऊन निघणारे बल्बचे होल्डर आणि गेजच्या छोट्या नट. या नटांमधूनच वीज गेजकडे जाते, म्हणून सैल नट म्हणजे खोटा काटा. हलक्या हाताने कसा, पितळेचे दांडे मोडायला वेळ लागत नाही.

कनेक्टर जिथे बसतो तिथला तांबा काळा पडला असेल तर पांढऱ्या मऊ खोडरबराने घासा, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसा. फिल्म फाटली असेल तर तिच्यावर सोल्डरिंग करायला जाऊ नका, ती वितळते. तुटलेली रेघ कुठून कुठे जाते ते मल्टिमीटरने शोधा आणि त्या दोन टोकांच्या नटांखाली रिंग लावून एक बारीक वायर टाका. माझ्या मीटरमध्ये अशी एक हिरवी वायर आजही आहे, तापमानाचा काटा तिच्यावरच जगतोय.

बल्ब आहेत तेवढ्याच वॉटचे घाला. जास्त उजेडाच्या मोहात मोठे घातले तर फिल्म आणि मागचं पांढरं प्लास्टिक भाजून तपकिरी होतं. डायलच्या उजेडाला एलईडी चालतात, पेटला नाही तर उलटा करून बघा. पण बॅटरीच्या चिन्हाचा बल्ब साधाच ठेवा. अनेक जुन्या गाड्यांत अल्टरनेटरला सुरुवातीची चेतना याच बल्बमधून मिळते. तिथे एलईडी लावला किंवा तो बल्ब उडालेला तसाच राहू दिला तर अल्टरनेटर चार्जच करेनासा होतो आणि लोक चांगला अल्टरनेटर उतरवत बसतात.

नंतरच्या मीटरमध्ये फिल्मऐवजी सर्किट बोर्ड असतो. डॅशबोर्डवर थाप मारली की जिवंत होणाऱ्या मीटरचा रोग म्हणजे कोरडं सोल्डर. भिंगातून बघा, कनेक्टरच्या पिनेभोवती बारीक काळी गोल रेघ दिसेल. थोडं फ्लक्स, ३५० अंशांच्या आसपास तापलेलं सोल्डरिंग आयर्न, दोन-तीन सेकंद, बास. फुगलेला कपॅसिटर बदलताना मायक्रोफॅरड तेच, व्होल्ट तेवढे किंवा जास्त, १०५ अंशांचा घ्या, आणि निगेटिव्हची पट्टी आधी होती त्याच बाजूला. हात थरथरत असेल तर बोर्ड घेऊन सरळ इंदूरचा जेल रोड गाठा. दिवसभर मोबाइलचे आयसी काढ-घाल करणाऱ्यांना हे पाच मिनिटांचं काम आहे. केबल, बल्ब, फ्लोट असले सुटे भाग छोटी ग्वालटोलीत विचारा, जुना भाग हातात घेऊन.

काचेला पेट्रोल किंवा थिनर लावू नका, ती काच नसून अॅक्रेलिक असते आणि क्षणात जाळीदार तडे जातात. साबणाचं पाणी पुरतं. डायलला बोट लावू नका. आणि काटे उपटायचा मोह आवरा. एकदा काढलेला काटा पुन्हा त्याच कोनात बसवणं भल्याभल्यांना जमत नाही.

मीटर दुसऱ्या गाडीचं घालायची वेळ आली तर जुना आणि नवा, दोन्ही आकड्यांचा फोटो काढून सर्व्हिस बुकात तारखेसह लिहा. गाडी विकताना ते पान दाखवा. "आकडा कमी करून देतो" म्हणणारे भेटतील, त्यांच्याकडून चहासुद्धा घेऊ नका. काही युरोपीय गाड्यांत इमोबिलायझर (चोरी रोखणारं इलेक्ट्रॉनिक कुलूप) मीटरमध्येच असतो, तिथे मीटर बदललं तर गाडी सुरूच होत नाही.

बंद करण्याआधी आणि नंतर

सगळे स्क्रू कसण्याआधी मीटर नुसतं टेकवा, कनेक्टर लावा, बॅटरी जोडा आणि सुरुवातीचा तो कागद काढा. एकेक दिवा, एकेक काटा बघा. सगळं जमलं की मग इडलीपात्र उलट्या क्रमाने रिकामं करा.

केबलवालं मीटर टेबलावरच पडताळता येतं. जपानी प्रमाणाप्रमाणे केबल मिनिटाला ६३७ फेरे फिरली की काटा ६० वर यायला हवा. वेग सांगणारी ड्रिल असेल तर चौकोनी टोक घालून बघा, पण दिशा आधी बोटाने फिरवून ठरवा. आकडे पुढे सरकले पाहिजेत.

मग रस्ता. चालू स्पीडोमीटर ही नुसती सोय नाही, केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला ११७ क्रमांकाचा नियम तो मागतो, आणि १५ वर्षांनंतर नोंदणी वाढवायला गाडी आरटीओत नेली की बंद काटा तिथे आड येऊ शकतो. मीटर थोडं जास्त दाखवतं म्हणून घाबरू नका. संयुक्त राष्ट्रांच्या युरोपसाठीच्या आर्थिक आयोगाच्या ३९ क्रमांकाच्या नियमात मोटारीचं मीटर खऱ्या वेगापेक्षा कमी कधीच दाखवू शकत नाही, जास्त मात्र दहा टक्के अधिक ४ किलोमीटरपर्यंत चालतं, म्हणजे खऱ्या ८० ला ९२ पर्यंत.

पीथमपूरला ११.३ किलोमीटरचा चाचणीचा ट्रॅक आहे, २०२१ पासून, पण तो आपल्यासाठी नाही. आपल्यासाठी देवासकडचा रस्ता आणि किलोमीटरचे दगड. पहाटे वाहतूक नसताना काटा ६० वर धरा आणि शेजारी बसलेल्याला एका दगडापासून दुसऱ्यापर्यंत सेकंद मोजू द्या. साठ लागले तर मीटर खरं. आमच्या गाडीला बायकोने तीनदा मोजून दरवेळी ६४ सेकंद सांगितले, म्हणजे खरा वेग ५६. मी स्प्रिंगला हात लावला नाही. मीटर घातलं, वर झाकण बसवलं, आणि ६० दिसले की ४ वजा करतो.